पहिला सेकंद

मे महिन्यात यंत्र आमच्याआधी दमतं.
चाळीस अंशांच्या वर ते मोजायला नकार देतं,
म्हणून गोळीबार चौकाजवळच्या समाजभवनात
आम्ही सकाळी साडेसहालाच टेबल मांडतो.
आधी तीन लिटरची पिचकारी लावून
तीन लिटर म्हणजे किती, हे त्याला शिकवायचं.
काल शिकवलेलं आज चालत नाही.

मग माणसं.
नाकाला चिमटा. ओठ घट्ट. छातीभर आत घ्या
आणि सोडा, सोडा, सोडा, अजून, अजून, अजून...
सहा सेकंद मी अशी ओरडते
की पलीकडच्या तर्रीपोहेवाल्याला वाटतं
आत कुणाचं बाळंतपण चाललंय.

धडधाकट छाती पहिल्या सेकंदात
जवळजवळ सगळी रिकामी होते.
उरलेले पाच नुसती झाडलोट.
देवराव निखारेंचा पहिल्या सेकंदात
निम्मासुद्धा श्वास बाहेर येत नाही.
गिरणीच्या पिंजण खात्यात एकवीस वर्षं.
“आयतवारी बरं वाटे,” ते सांगतात,
“सोमवारी गेटात पाय टाकला का छातीवर कोनी बसे.
मंगयवारी उठून जाये.”
नंतर कधीतरी ते उठायचं थांबलं.
कोणत्या साली, या रकान्यात त्यांनी
बराच वेळ विचार करून
धाकट्या मुलीच्या लग्नाचं साल सांगितलं.

यमुनाबाई हेडाऊंना मी नेहमीचंच वाक्य म्हटलं :
मेणबत्ती विझवतो ना, तशी जोरात फुंक मारा.
“आमच्यात दिवा फुकून इझवत नाई वं बाई.”
मग फुंकता कधी?
“चुलीले.”

मी लिहिलं : चूल, बावन्न वर्षं.
जळण : पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, मिळेल ते.
म्हटलं, मग चुलीसारखंच फुंका.

त्यांनी डोळे मिटले
आणि फुंकणीतून सोडावा तसा
बारीक, काटकसरीचा, न तुटणारा श्वास सोडला.
पडद्यावर अक्षरं आली : सुरुवात संथ. चाचणी नामंजूर.
दुसऱ्यांदा तेच.
तिसऱ्यांदा खोकला.
आठ वेळा करता येते, आठ वेळा केली.
“पास का नापास?” त्यांनी पदराने तोंड पुसत विचारलं.
मी म्हटलं, थंडीत पुन्हा या.

निबंध छापून आला तेव्हा त्यात चारशे बारा माणसं होती.
त्यात यमुनाबाई नव्हत्या.
तळाशी बारीक टाइपात एक ओळ होती,
ग्राह्य चाचणी न देऊ शकलेले : एकोणचाळीस,
आणि ती एवढी नीट लिहिली होती मी
की परीक्षकांनी त्यावर एकही प्रश्न विचारला नाही.

पौषात मीच गेले त्यांच्याकडे.
गॅस होता, सिलिंडर रिकामं होतं.
मागच्या पडवीत चूल धुमसत होती.
त्यांनी काही न बोलता फुंकणी माझ्या हातात दिली.
मी फुंकले, जसं लोकांना शिकवते तसं,
सगळं बळ पहिल्याच सेकंदात.
राख उडून भाताच्या गंजात, माझ्या चष्म्यावर,
त्यांच्या नातवाच्या वहीवर.
पोरगं हसून हसून लोळलं.
“नापास,” यमुनाबाई म्हणाल्या.

मग त्या खाली बसल्या.
मी सवयीने घड्याळ पाहत होते.
चार. पाच. सहा. सात.
राखेचा एक कण हलला नाही.
आठ.

मला माहीत आहे, माझा पेशाच तो आहे,
की असा लांबत जाणारा श्वास
हे कसब नसतं, लक्षण असतं :
आतल्या वाटा अरुंद झाल्यात,
हवा रांगेत उभी राहून बाहेर पडते आहे.
मी त्यांना पंप दिला, कसा ओढायचा ते दाखवलं,
गुळण्या करायला सांगितलं, पुढची तारीख लिहिली.

पण नवव्या सेकंदाला
चूल पेटली.