खिडकीतले गोटे

तिसुंगे काट्यावर चढते
तशी चर्चची पायरीही कोणी चढत नसेल:
चपला काढून, श्वास रोखून, नजर दूर सरोवरावर.

रोज पहाटे ती उसिपा तोलून विकते, बोटाएवढे मासे.
काट्यावर अंगठा कुठे टेकवायचा
हे तिला माझ्याहून जास्त कळतं.
सातवा महिना. बावन्न किलो सहाशे.
मी शाईने लिहिलं, शाबास म्हणाले,
आणि ती उतरताना कमरेच्या चितेंजेच्या गाठीत
काहीतरी खडखडलं.

पाच गोटे. काठावरचे, अजून ओले.

"तुम्ही सगळ्यांसमोर रागावता, सिस्टर."
बस, एवढंच.
बाहेर बाकांवर अठरा पोटं रांगेत होती
आणि माझा आवाज भिंतीपलीकडे जातो, हे खरं.

मग दार लोटून घेतलं. घरी काय शिजतं?
मक्याची न्सिमा. आधी नवरा, मग दीर, मग सासू,
मग भांड्याला लागलेली.
मासे? ते विकायचे, सिस्टर.
अंडं? अंडं खाल्लं तर मूल टकलं जन्मतं.
मी पाकिटातून माझ्या एलुबीचा फोटो काढला,
रोज एका अंड्यावर पोसलेली,
डोक्यावर एवढं रान की दोनदा फणी मोडली.
तिसुंगे हसली. पहिल्यांदाच दात दिसले.
हिरड्या फिक्या होत्या, त्याही दिसल्या.

लोहाच्या गोळ्या दिल्या, शेंगदाण्याचं पीठ दिलं अर्धी पिशवी.
म्हटलं, लापशीत घाल आणि चुलीपाशीच खा,
वाढायच्या आधी. कोणी विचारलं तर चाखतेय म्हण.
चाखायला वाटी मोठी घे.

लिहिलेला आकडा मात्र मी खोडला नाही.
ती गेल्यावर गोटे तोलले: एक किलो चारशे.
राहिले ते माझ्यापाशीच, खिडकीत,
वाऱ्याने कार्डं उडू नयेत म्हणून.

महिन्याने आली. गाठ आपणहून सोडून दाखवली,
मी बघितलं नाही.
काटा हलला, थरथरला, थांबला.
बावन्न किलो सहाशे.

कार्डावर रेघ सपाट.
जिल्ह्याहून येणारा साहेब तिच्यावर बोट ठेवून विचारेल,
महिनाभरात काहीच वाढलं नाही?
सांगेन काहीतरी.

तिसुंगेने खिडकीतला एक गोटा उचलला,
सुकून पांढरा पडलेला,
तळहातावर जोखला, परत ठेवला.
"जड होते हो," म्हणाली.