हिरवी पाचर

अमरावती रोडच्या प्रयोगशाळेत
एकतीस वर्षं मी संत्र्याची पानं वाचली.
खाकी पाकिटांतून यायची, काटोल, कळमेश्वर, नरखेड,
वर बॉलपेननं गट नंबर.
यंत्रात घालायच्या आधी
मी पान खिडकीशी धरायचो.

नवं पान पिवळं, शिरा हिरव्या: लोह.
जुनं पान पिवळं,
देठापाशी तेवढी हिरवी पाचर शिल्लक:
मॅग्नेशियम.
नव्या पोरांना सांगायचो,
झाड जुन्याचं काढतं रे, कोंबाला देतं.
फळांनी लदलेल्या फांदीकडे आधी बघा.

घरी, मानेवाड्यात,
रत्नमालाचा डावा डोळा लवत होता चैत्रापासून.
"बाईचा डावा शुभ असते जी," ती म्हणे,
"पोरीचं जमते वाटते यंदा."
रात्री पोटरीत गोळा यायचा.
कूलरच्या घरघरीत ती उठायची,
भिंतीला तळवा टेकवून उभी राहायची,
आणि मी कूस बदलायचो.
उन्हाळा आहे, म्हणायचो. लिंबूपाणी घे.
ॲसिडिटीची गोळी तर सात वर्षं चालूच,
रोज उपाशीपोटी,
तुळशीला पाणी घालावं तितक्या नेमानं.

मग पोहे परतताना हातातून झारा पडला.
दोनदा.
ती झाऱ्यावरच रागावली.
मी पेपर खाली केला
आणि पुन्हा वर धरला.

मेडिकलमध्ये सिस्टर मेश्रामनं
दंडाला बीपीचा पट्टा बांधला, फुगवला,
आणि सोडलाच नाही.
एक मिनिट. दोन. तीन होत आले.
रत्नमालाची बोटं आपोआप जुळली,
अंगठा आत वळला,
जणू रांगोळीची चिमूट धरलीय
आणि समोर अंगणच नाही.
"हे बघा काका," सिस्टर म्हणाली.
मी चष्मा पुसला.
खिडकी डावीकडे होती, उजेड चांगला होता.

रिपोर्टवर एक पूर्णांक एक.
डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरातलं
एवढंच मला लागलं:
मॅग्नेशियम सल्फेट.
हेच तर मी लिहीत आलो पाकिटामागून पाकिटाला,
पाण्यात विरघळवून,
सकाळच्या वेळी,
पानांच्या दोन्ही बाजूंनी.

सलाईन थेंब थेंब उतरत होतं. बाहेर पंचेचाळीस.
तिनं विचारलं, "झाडाले किती दिवस लागते जी?"
पंधरा-वीस, म्हटलं.
एकदा पिवळं पडलेलं जुनं पान
बहुधा पुन्हा तसं हिरवं होत नाही,
पण ते लिहायला आमच्या फॉर्मवर रकाना नव्हता.

तिनं हात उघडला, मिटला, उघडला.
"गोयी बंद केली म्हणते ते डॉक्टर."
जरा वेळ छताच्या पंख्याकडे बघत राहिली.
"मंग आता सावजी बंद का जी?"