चंद्रोदय नऊ बारा

दांडिया बाजार. डोळ्यांच्या दवाखान्याची मागची खोली,
दाराच्या फटीत मी टॉवेल कोंबलेला.
आधी लखलखीत दिवा, दोन मिनिटं:
डोळ्यांतला जांभळा रंग पार धुऊन टाकतो तो.
मग अंधार, आणि वाट.

"ठिपका दिसला की बटण दाबा, गुप्तेकाकू."
सात मिनिटं. अकरा.
"काही खाल्लंय का?"
"संकष्टी आहे रे. सकाळी अर्धा कप चहा,
तोही बिनसाखरेचा."

उडालेला रंग पुन्हा चढायला
आत साखर जळावी लागते, कणाकणानं.
सांगितलं त्यांना. ग्लुकोजचं बिस्किट पुढे केलं,
अंदाजानंच.
त्यांनी माझा हात बरोब्बर शोधला
आणि मागे सारला.
"चंद्र बघितल्याशिवाय नाही."
"पण बघणार कशानं?"

हसल्या. नुसता आवाज.
बाहेर सुरसागरच्या बाजूला कुणीतरी
रिक्षावाल्याशी गुजरातीत घासाघीस करतंय.
एकोणीस मिनिटं.
माझ्या घड्याळाचे हिरवे काटे मला केव्हाचे दिसतायत;
दुपारी दोन पोळ्या जास्तच झाल्या होत्या.

बाविसाव्या मिनिटाला बटण वाजलं.
"आला," त्या म्हणाल्या,
गच्चीवर उभ्या असल्यासारख्या.