रिटचिंग

बिरादारांचा शिवलिंग बिस्किटाचा डबा घेऊन आला.
म्हणाला, काका, तुम्हीच बगा,
मला तर सगळे एकच दिसायलेत.

अकरा फोटो. कडा नागमोडी, पाठीवर पोस्टकार्डाच्या रेघा.
त्याचे आजोबा मडोळप्पा इटलीत फौजेचा ट्रक चालवायचे;
हे जर्मन शिपाई त्यांना कुठं भेटले, जिवंत की कसे,
ते त्यांनी उदगिरात कुणालाच सांगितलं नाही.

मी भिंग लावलं.
चाळीस वर्षं निगेटिव्हवर शिसपेन्सिल चालवलेला माणूस
आधी चेहरा बघत नाही. आधी खुर्ची बघतो.
खुर्ची एकच आहे, चौघांच्या हाताखाली,
डाव्या पायाचा टवका उडालेली.
मागं तळ्याचा पडदा. तळ्याला घडी पडलीय.
म्हणजे एकच गाव, एकच दुकान,
आणि दुकानदाराला इस्त्रीचा कंटाळा.

हा दुसरा. कोट त्याचा नाही.
खांद्याची शिवण दंडावर उतरलीय,
पाठीमागं चिमटा असणार, पैजेवर सांगतो.
आमच्याकडंही होता एक कोट, खुंटीला,
सगळ्या नवरदेवांसाठी.

पाचवा मला सोडत नाही.
याचे डोळे मिटले होते.
बाहुल्या नंतर काढल्यात, कागदावर, तीन केसांच्या ब्रशानं,
उजवी सुतभर वर.
कुणीतरी खिडकीपाशी बसून, श्वास रोखून.
मीही काढलेत असे डोळे, दुसरी प्लेट परवडायची नाही.
म्हणजे हा माझ्याकडं बघतच नाही.
बघतोय तो, ज्यानं ते काढले.

छातीवरचं चिन्ह मात्र सगळ्यांचं खरवडलेलं.
हे कारागिराचं काम नव्हे.
ब्लेड, घाई, कागदाचं पांढरं मांस वर आलेलं.
शिवलिंग म्हणाला, स्वस्तिक होतं का हो इथं?
आणि त्यानं माझ्या उंबऱ्याकडं बघितलं,
दिवाळीचं कुंकू अजून होतं तिथं.
मी म्हटलं, होतं.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात मी सहा वर्षांचा.
रात्री वडिलांनी चुलीवर पाणी तापवलं
आणि वर्दीतल्या गिऱ्हाइकांच्या काचा
एकेक करून पातेल्यात बुडवल्या.
चेहरे सायीसारखे सुटून आले.
एकाला मी ओळखलं: दस्तगीर सायकलवाला,
पंपाची हवा माझ्या गालावर सोडायचा.
त्यानं काय केलं होतं, काय नव्हतं केलं,
मला कळत नव्हतं,
पुढं कुणी नीट सांगितलंही नाही.
काचा मोरीच्या खिडकीला बसवल्या.
अजून आहेत. त्यातून शेजाऱ्याची पाण्याची टाकी दिसते,
बाकी काही नाही. मी बघितलंय, सगळ्या उजेडात.

पाठीवर काय लिहिलंय, शिवलिंगनं विचारलं.
शिक्का होता, आणि आकडा, चव्वेचाळीसशे सतरा.
जर्मन येत नाही मला, तरी वाचता आलं:
काच जपून ठेवली आहे.
आणखी प्रती हव्या असल्यास हा नंबर सांगावा.

आमच्या पाकिटावरही हेच छापलेलं असायचं.