टेबल राखून ठेवा

बातुमीत वर्षातले निम्मे दिवस आभाळ गळतं,
तरी बाबांच्या दुकानात
आठवड्याला तीन छत्र्या येत, फार तर चार.
बाजारात नवी छत्री आठ लारीला,
बाबांची दुरुस्ती सहाला.
हिशेब कुणालाही कळतो.

म्हणून मी फुकटची वेबसाइट काढायला बसले.
फुकट ते पौष्टिक, म्हटलं.
पहिलाच प्रश्न: तुमचा व्यवसाय निवडा.
लग्नसमारंभ, योग, दंतवैद्य, कुत्र्यांची निगा,
छायाचित्रकार, उपाहारगृह.
छत्रीचं नाव नाही कुठे.
बाबा चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
"उपाहारगृह घे. लोक ओले होऊन आत येतात,
दोन्हीकडे तेच."

नाव टाकलं: नुगझार, बंदर गल्ली, जिन्याखाली.
त्या साच्याला आमची लिपी ठाऊक नव्हती;
एवढी गोल गोल अक्षरं,
ती रांगेत रिकाम्या चौकटी होऊन बसली.
"खिडक्या आहेत," बाबा म्हणाले,
"म्हणजे आत कुणी राहत असणार."

पत्ता मिळाला तो बोटीच्या दोरखंडाएवढा लांब,
मध्ये त्या कंपनीचं नाव, दोन आडव्या रेघा, एक आकडा:
आपल्याआधी कुणी नुगझार येऊन गेल्याची खूण.
"आजचा मेनू" हे शब्द काही केल्या पुसेनात
(पुसायचे तर महिना बारा डॉलर),
तेव्हा त्याखाली भरत गेले जे होतं ते.
काडी बदलणे, दोन लारी.
स्प्रिंग, तीन.
मूठ, चेरीच्या लाकडाची, थांबायची तयारी हवी.
वाऱ्याने उलटलेली: बघून सांगू.
साच्याबरोबर फोटोत आलेली बाई
कुठल्याशा उन्हाळी देशात सॅलड खात हसत होती.
ती काढली. तिच्या जागी बाबांचे हात.
नखांतलं वंगण पुसून टाकणार होते;
नाही पुसलं.

तळाशी एक पट्टी असते, ती आपली नाही, त्यांची.
तिथे आठवड्याभरात जाहिरात झळकली:
नव्या छत्र्या, घरपोच, निम्म्या भावात.
आमच्याच दारात!
बाबांनी ती छत्री बोटांनी मोठी करून निरखली.
"आठ काड्या, त्याही पत्र्याच्या. हिवाळा निघायचा नाही हिचा.
येतील."

भेट देणाऱ्यांचा आकडा रोज वाढे.
एक, दोन, चार.
एक मी. दुसरी मीच, फोनवरून.
उरलेले दोन्ही बाबा;
शेजारच्या चांभाराच्या फोनवर स्वतःचं दुकान बघून येत
आणि कुणी नवं आलं का, असं मलाच विचारत.

नोव्हेंबरात एक निरोप आला.
त्या साच्यात एक बटण होतं, तेही न पुसणारं:
टेबल राखून ठेवा.
दोन जणांसाठी. गुरुवारी. संध्याकाळी सात.
नाव: गुराम.

माफी मागून कळवते, मी म्हणाले.
बाबा तोवर बाकावरच्या पकडी गोळा करायला लागले होते.

सात वाजता खरंच टेबल होतं:
कामाचा बाक, त्यावर आईची चादर,
होडीच्या आकाराची खाचापुरी, मधलं अंडं अजून हलतंय,
दोन स्टुलं.
सात वाजून पाच मिनिटांनी दारात एक म्हातारा,
एकटाच,
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.
"दोघांचं सांगितलं होतं," म्हणत त्याने कागद सोडला,
"मी आणि ही."
लांब, काळी, बारा काड्यांची. तीन मोडलेल्या.
"दुसरं बटणच नव्हतं हो तिथे. मी तरी काय करणार?"

बाबांनी दुसऱ्या स्टुलावर छत्री बसवली,
नीट, भिंतीला पाठ लावून.
स्वतः उभ्याने जेवले.
मोडलेल्या काड्यांचा विषय चहानंतर निघाला.

परवा कंपनीने सूट जाहीर केली:
महिना एक डॉलर, हवं ते पुसा.
बाबांना विचारलं, ते बटण काढू का?
ते एका मुठीला तेल लावत होते.
वर न बघता म्हणाले,
"या गुरुवारी किती जण आहेत?"