आडवा हात

डंडी, पहाटेचे पावणेचार.
टे नदीवरचं धुकं काचेला टेकलेलं.
बशीतलं गुलाबी पाणी पिवळं पडलंय:
गाठीच्या पेशींनी साखर फस्त केली,
मागे उरलं ते आंबट.

नमुना एकोणीस.
नाव आम्हाला सांगत नाहीत.

टी-पेशी कडेला, अंग चोरून.
मला वाटायचं, तिला शत्रू ओळखू येत नाही.
येतो.
फक्त तिच्या ताटावर
कुणी हात आडवा धरलाय,
पुरे म्हणतोय, तिच्या वतीने.

नवं पाणी, नवी साखर,
अँटीबॉडीचे तीन थेंब.
हात बाजूला झाला असेल.
नसेलही.

डबा उघडते. थंड पोळी, लिंबाचं लोणचं.
मीटरवर साखर उतरत चाललीय.
जेवतंय कोण,
ते आकडा सांगत नाही.