शिट्टीपर्यंत

मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून
स्मरणिकेची पोरं घरी आली.
खो-खोत विट्याचा सगळ्यांत भारी पळणारा कोण, तात्या?
तुमच्याकडं वह्या आहेत म्हणे.

आहेत. सात. सुताच्या पेढीवरच्या,
डावीकडं जमा, उजवीकडं नावे असं छापलेल्या.
जमेला मी सेकंद लिहिले,
नावेला, गडी कुणी मारला ते.

पोरांनी मोबाईलवर भागाकार केला.
निसार मुलाणी, एकशे अठरा डाव,
दर डावाला दोन मिनिटं एक्कावन्न सेकंद.
आनंदा तामखडे, एकशे एकतीस, दोन अडतीस.
जालिंदर निकम, एकशे चौसष्ट डाव,
एक मिनिट बावन्न.
त्यांनी जालिंदरवर काट मारली
आणि चहात साखर कमी टाका म्हणाले.

मी गप्प बसलो. निसार पळायचाच तसा.
खांबाला वळसा घेताना सावली मागं सोडायचा,
मारणारा सावलीवर सूर मारून तोंडात माती घ्यायचा.
आनंदाची साखळी बघायला
माग बंद ठेवून कामगार कुंपणावर चढायचे,
मालकासकट.

पण निसार उतरायचा पहिल्या तुकडीत.
सातची सात मिनिटं त्याच्यापुढं
न कापलेल्या ठाणासारखी.
जालिंदर तिसऱ्या तुकडीचा.
त्याला मिळायचा उरलेला तुकडा,
अडीच मिनिटं, दीड मिनिट,
एकदा कराडला नुसते एकोणीस सेकंद.
पानात वाढलं तेवढंच माणूस जेवणार.

रात्री वह्या परत काढल्या.
बायको म्हणाली, याचा पगार कोण देतंय?
उजवा रकाना बोटानं मोजत गेलो.
जालिंदरच्या ओळीत तो सत्त्याण्णव वेळा कोरा.
सत्त्याण्णव वेळा त्याला कुणी मारलं नाही.
मी उठवलं, शिट्टी वाजवून.

मग डावांनी न भागता
बाद झाल्यानं भागलं,
तिघांनाही एकाच मापानं.
आनंदा पडतो तीन मिनिटं तीन सेकंदांमागं एकदा.
निसार, तीन अठ्ठावीस.
जालिंदर, चार मिनिटं चौतीस.
हातचा विसरलो असेन म्हणून
परत केलं. तेच आलं.

तरी निसार म्हणणारच,
तिसरी तुकडी येईस्तोवर मारणारे दमलेले असायचे,
आणि त्याचं चूक नाही.
शिवाय शिट्टीनंतरचा सेकंद
कुणीच पळलेला नसतो.
त्यात जालिंदर टिकला असता की पडला असता,
त्याला माझ्या वहीत रकाना नाही.

जालिंदर आता सेलमला. गलाईचं दुकान.
सोनारांच्या दुकानातला केर विकत घेतो,
जाळतो, तेजाबात घालतो,
पोतंभर राखेतून गुंजभर काढतो.
फोन लावला, आकडे वाचून दाखवले.
मागं भट्टीचा पंखा घोंगावत होता.
बराच वेळ तोच ऐकू आला.

मग म्हणाला, तात्या, खरं सांगू?
छाती फुटायची हो.
शेवटच्या मिनिटाला मनात एकच,
वाजीव की म्हाताऱ्या ती शिट्टी.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो.

मग सोन्याच्या भावावर बोललो,
त्याच्या गुडघ्यावर, नातीच्या तमिळवर.
पलीकडं कुणीतरी हाक मारली,
आलो आलो, म्हणत त्यानं ठेवला.
पडद्यावर वेळ आली, सहा मिनिटं बारा सेकंद.
हात सवयीनं वहीकडं गेला.
जमेला लिहिले तेवढे.
उजवीकडं काही लिहिलं नाही.